तिरपे अक्षर, ठळक अक्षर आणि फ्रान्सिस्को ग्रिफो

संगणकावर ‘बी’ आणि ‘आय’ ही दोन बटणे लागोपाठ दाबली की अक्षर ठळक होते आणि उजवीकडे झुकते. काम क्षणाचे, पण या दोन बटणांमधले अंतर जवळजवळ साडेतीनशे वर्षांचे आहे. तिरपे इटालिक १५०१ चे, तर मजकुराच्या सोबतीला वापरायचे ठळक अक्षर १८४५ चे.

१५०१ साली व्हेनिसमध्ये आल्डस मानुटियस या विद्वान मुद्रकाने रोमन कवी व्हर्जिलचे काव्य छापले. तोवर अभिजात ग्रंथ म्हणजे मेजावर ठेवून वाचायचे जाडजूड खंड, बहुधा चहूबाजूंनी टीकेने वेढलेले. आल्डसचे पुस्तक हातात मावणारे होते आणि त्यात टीका नव्हती. संपूर्ण पुस्तक इटालिकमध्ये छापलेले असे हे पहिलेच.

हे वळण आले कोठून? त्या काळच्या इटालियन विद्वानांच्या लेखणीतून. आपल्याकडे सावकाश लिहायची बाळबोध आणि झरझर लिहायची मोडी, असा जो भेद होता, साधारण तसाच भेद तेथे उभ्या रोमन अक्षरात आणि या धावत्या हस्ताक्षरात होता. इटालिकमुळे कागद वाचला, असे सर्रास सांगितले जाते. परंतु कवितेच्या प्रत्येक चरणाला स्वतंत्र ओळ लागतेच. तेथे अरुंद अक्षराने कागद कितीसा वाचणार? छापील पुस्तकाला सुरेख हस्तलिखिताचा डौल यावा, हे कारण अधिक पटते. गंमत म्हणजे या पहिल्या इटालिकमध्ये मोठी अक्षरे उभीच होती, केवळ लहान अक्षरे झुकलेली. एखाद्या शब्दावर जोर देण्यासाठी इटालिक वापरावे, हे तेव्हा कोणाच्या मनातही नव्हते.

ही अक्षरे कोरली बोलोन्याच्या फ्रान्सिस्को ग्रिफोने. पोलादी सळईच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, ते टणक करून तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचे आणि त्या साच्यात धातूचा रस ओतून खिळे पाडायचे, असे हे सोनाराच्या तोडीचे काम. व्हर्जिलच्या त्या पुस्तकात आल्डसने ग्रिफोचा गौरवाने उल्लेख केला. पण १५०२ साली व्हेनिसच्या सत्तेने या अक्षरांचे विशेषाधिकार दिले ते आल्डसला. स्वतःच्या हाताने घडवलेले वळण त्या राज्यात दुसऱ्या कोणाला विकण्याची वाट ग्रिफोला बंद झाली.

तो व्हेनिस सोडून गेला. १५०३ मध्ये फानो येथील मुद्रक गेर्शोम सोन्चिनो याने आपल्या पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत या अक्षरांचा खरा कर्ता ग्रिफो असल्याचे बजावून सांगितले. पुढे १५१६ मध्ये ग्रिफोने बोलोन्यात स्वतःची छोटेखानी पुस्तके काढली. पण त्याच सुमारास लोखंडी कांबीने जावयाचा खून केल्याचा आरोप त्याच्यावर आला आणि थोड्याच काळात तो इतिहासातून नाहीसा झाला.

विशेषाधिकाराचा उपयोग आल्डसलाही फारसा झाला नाही. फ्रान्समधील लिऑनच्या मुद्रकांनी त्याच्या आवृत्त्यांच्या नकला सुरू केल्या. संतापून आल्डसने १५०३ मध्ये त्या नकलांतील चुकांची यादीच छापली. लिऑनकरांनी ती यादी समोर ठेवून आपल्या पुढच्या प्रती शुद्ध करून घेतल्या!

सोळाव्या शतकातच इटालिकचा संसार बदलला. मोठी अक्षरेही झुकली आणि रोमन मजकुरात परका शब्द, ग्रंथाचे नाव किंवा जोर दाखवणारा जोडीदार म्हणून ते स्थिरावले. ठळक अक्षराचा मात्र अजून पत्ता नव्हता.

ते आले एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये, आणि आधी भिंतीवर आले. सोडती आणि खेळ यांच्या जाहिरातींसाठी तेथील ओतशाळांनी अतिशय जाड सेरिफ अक्षरे काढली. सेरिफ म्हणजे अक्षरांच्या टोकांना असलेली बारीक पावले. या जाड अक्षरांची तिरपी रूपेही निघाली. ठळक तिरप्या सेरिफचे हे पूर्वज ओरडण्यासाठी जन्मलेले होते, वाचण्यासाठी नव्हे. १८४५ मध्ये फॅन स्ट्रीट ओतशाळेच्या रॉबर्ट बेझलीने ‘क्लॅरेंडन’ काढले. ओळीतल्या साध्या अक्षरांशेजारी नांदू शकेल असे हे ठळक वळण कोशातील शब्दांसाठी सोयीचे ठरले. त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले अवघे तीन वर्षांचे. मुदत सरताच इतर ओतशाळांनी त्याच्या नकला काढल्या. बेझली १८६९ मध्ये लंडनचा लॉर्ड मेयर झाला. ते वळण प्रत्यक्ष कोरणारा बेंजामिन फॉक्स जाणकारांपुरताच उरला. ग्रिफोची आठवण येथे अटळ आहे.

ठळक आणि तिरपे एकत्र यायला आणखी एक अडथळा होता. लायनोटाइप यंत्राच्या एका साच्यावर सामान्यतः दोनच अक्षरे मावत: साध्या अक्षराच्या जोडीला इटालिक तरी नाहीतर ठळक तरी. अनेक छापखान्यांत चौथे रूप नसेच. १९३२ मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’ने स्वीकारलेले टाइम्स न्यू रोमन १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये साधे, तिरपे, ठळक आणि ठळक-तिरपे अशा चारही रूपांत आले, तेव्हा ही दुर्मीळ चीज घरोघरी पोहोचली.

या रूपाचा स्वभाव दुहेरी आहे. ठळक शब्द पान उघडताच दिसतो. तिरपा शब्द वाचता वाचता त्याच्यापाशी पोहोचल्यावर जाणवतो. दोन्ही गुण एकत्र आले की उपशीर्षक किंवा एखादी सूचना नजरेतून सुटत नाही. पण जाड रेघांमुळे अक्षरांच्या पोटातली मोकळी जागा आक्रसते. अख्खा परिच्छेद असा छापला तर डोळे शिणतात.

देवनागरीत हे बटण दाबले की बहुधा तेच अक्षर शिरोरेषेसह यांत्रिकपणे कलते. धावत्या हाताचे वेगळे रूप त्यातून उमटत नाही. असे रूप मराठीजवळ नव्हते असे नाही. विल्यम केरीचा मराठी कोश १८१० मध्ये श्रीरामपूरला मोडीच्याच खिळ्यांनी छापला गेला होता. पण रोमन आणि इटालिक यांच्यासारखी बाळबोध आणि मोडीची जोडी छापील पानावर रुजली नाही.