बार्बीची आई आणि बॉडीसमधला आधार

बार्बी नावाची बाहुली तुम्ही जत्रेत, बाजारात पाहिली असेल. १९५९ साली ती अमेरिकेत विक्रीला आणली रूथ हँडलर या बाईंनी. पण मला सांगायची आहे ती त्यांची पुढली हकीकत.

१९७० साली कर्करोगामुळे त्यांचा एक स्तन काढावा लागला. (हा शब्द उच्चारायला आपण लाजतो, आणि दुखणे तेवढे लपून राहते!) पोकळी भरून काढायला बॉडीसमध्ये घालायचे म्हणून दुकानात मिळाले ते बेढब गोळे. डावा-उजवा हा भेदसुद्धा नाही! अहो, चपला तरी आपण अशा घेऊ का?

बाईंनी पेटन मॅसी या कृत्रिम अवयव करणाऱ्या कारागिराला गाठले. पॉलियुरेथेनच्या आवरणात द्रवरूप सिलिकोन भरले, म्हणजे ते खऱ्यासारखे हलते; पाठीला ताठ फोम लावला, म्हणजे आकार मोडत नाही. डावा वेगळा, उजवा वेगळा. १९७६ साली त्यांनी त्यासाठी रूथटन ही कंपनी काढली. मालाचे नाव ‘निअरली मी’, म्हणजे ‘जवळजवळ मीच’. विकायला नेमल्या त्या बायका बहुतेक याच दुखण्यातून उठलेल्या. आणि बाई स्वतः? वार्ताहर आला की त्याला सरळ हात लावून पाहायला सांगत, खरा कोणता ते ओळखा म्हणून.