फूट जुनीच आहे, निवाडा करणारा बदलला

परवा स्टँडसमोरच्या टपरीवर नेहमीचा वाद रंगला होता. खरी शिवसेना कुणाची, खरी राष्ट्रवादी कुणाची. नगरपरिषदेच्या निवडणुकीपासून हा वाद आमच्याकडे थांबलेलाच नाही. त्यात विशीतला एक पोरगा म्हणाला, "सर, आधी लोकं निष्ठावान होती. ही फोडाफोडी आत्ता आलीय."

मी त्याला तिथंच सांगितलं, तसं नाही बाबा. पण टपरीवर सगळं सांगता येत नाही, म्हणून इथं लिहितोय. जरा लांबलंय, वेळ काढून वाचा.

पक्ष फुटणं आपल्याकडे स्वातंत्र्याइतकंच जुनं आहे. 1947 मध्ये केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही मंडळी काँग्रेसवर नाराज झाली आणि शेतकरी कामगार पक्ष उभा राहिला. पुढं जेधे काँग्रेसमध्ये परतलेसुद्धा. 1948 मध्ये समाजवादी मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली. त्या वेळची एक गोष्ट आजच्या प्रत्येक आमदाराला ऐकवली पाहिजे. आचार्य नरेंद्र देव उत्तर प्रदेशात काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले होते. पक्ष सोडला तेव्हा त्यांनी सहकाऱ्यांसह आमदारकीचाही राजीनामा दिला आणि पोटनिवडणुकीला उभे राहिले. कायद्याचं बंधन नव्हतं. काँग्रेसच्या नावावर मतं घेतली, आता पक्ष सोडला, तर लोकांना परत विचारायला हवं, एवढाच हिशेब. नरेंद्र देव त्या निवडणुकीत पडले. पण त्यांना गद्दार म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.

1967 ला हरियाणात गयालाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम गयाराम' हा शब्द देशाला मिळाला. 1969 ला तर काँग्रेसच उभी फुटली. बैलजोडीचं चिन्ह गोठलं. इंदिरा गांधींच्या बाजूला गाय-वासरू आलं, दुसऱ्या बाजूला चरखा चालवणारी बाई. खरी काँग्रेस कोणती यावर कोर्टकचेरी झालीच. पण कोर्टाचा अंतिम निकाल लागायच्या आधीच, 1971 च्या लोकसभेत, लोकांनी उत्तर देऊन टाकलं. इंदिराबाईंना 352 जागा, संघटना काँग्रेसला 16.

आता आपल्याकडचं 1978. फेब्रुवारीत विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा काँग्रेसचे दोन तुकडे वेगवेगळे लढले होते. जनता पक्ष सगळ्यात मोठा, पण बहुमत नाही. मग दोन्ही काँग्रेस एकत्र आल्या, वसंतदादा मुख्यमंत्री आणि तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. जुलैमध्ये शरद पवार बाहेर पडले, दादांचं सरकार पडलं आणि 18 जुलैला वयाच्या 38 व्या वर्षी पवार पुलोदचे मुख्यमंत्री झाले.

आमचे वडील कट्टर दादांचे माणूस. त्या विषयावर चुलत्याशी त्यांचं जे वाजलं, ते पुढं दहा वर्षं लग्नाच्या पंगतीतसुद्धा निघायचं. एकाच्या मते पाठीत खंजीर, दुसऱ्याच्या मते तरुण नेतृत्वाचं धाडस. पण वडील एक गोष्ट मान्य करायचे. केंद्राने फेब्रुवारी 1980 मध्ये ते सरकार बरखास्त केलं आणि लगेच निवडणूक आली. इंदिरा काँग्रेसला 186, पवारांच्या काँग्रेसला 47. "लोकांनी सांगितलं आणि विषय संपला," असं ते म्हणायचे. पवार 1986 मध्ये काँग्रेसमध्ये परतेपर्यंत विरोधातच बसले.

मग 1985 मध्ये पक्षांतरबंदी कायदा आला. हेतू चांगला होता. पण त्यात एक पळवाट ठेवली गेली: एक तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर ती 'फूट', कारवाई नाही. एकटा गेला तर आमदारकी जाणार, टोळीने गेला तर सुरक्षित! 1991 मध्ये छगन भुजबळ शिवसेनेतून बाहेर पडले ते याच एक तृतीयांशाच्या हिशेबावर. तरी तिथंही शेवटचा शब्द मतदारांचाच राहिला. 1995 ला माझगावात बाळा नांदगावकरांनी भुजबळांना पाडलं.

2003 च्या घटनादुरुस्तीने ती एक तृतीयांशाची सवलत काढून टाकली. आता दोन तृतीयांश लागतात, आणि तेही दुसऱ्या पक्षात विलीन होण्यासाठी. वाटलं, आता फूट थांबेल. थांबली नाही, तिने भाषा बदलली. फुटणारा आता 'आम्ही पक्ष सोडला' असं म्हणतच नाही. तो म्हणतो, 'आम्हीच पक्ष!'

माझ्या मते खरा बदल इथं झाला. 'आम्हीच पक्ष' म्हटलं की निवाडा मतपेटीत होत नाही. तो निवडणूक आयोगाकडे जातो, विधानसभा अध्यक्षांकडे जातो, सर्वोच्च न्यायालयात जातो. जून 2022 मध्ये शिवसेनेचे 55 पैकी 40 आमदार गेले. फेब्रुवारी 2023 ला आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदेंना दिले. मे 2023 मध्ये न्यायालय म्हणालं, राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली ते चूक. पण ठाकरेंनी राजीनामा दिलाय, त्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येत नाही. अपात्रतेचं अध्यक्षांनी बघावं. अध्यक्षांचा निकाल 10 जानेवारी 2024 ला आला आणि दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र झाला नाही. अशा याचिका साधारण तीन महिन्यांत निकाली काढाव्यात असं न्यायालयानेच 2020 मध्ये मणिपूरच्या प्रकरणात म्हटलं होतं. इथं दीड वर्ष गेलं. तोवर राष्ट्रवादीही फुटली होती.

आणि या काळात सरकार नावाची गोष्ट कशी चालली, ते मी तालुक्यात बसून बघितलंय. 30 जून 2022 ला शपथविधी झाला आणि 9 ऑगस्टपर्यंत राज्याचं मंत्रिमंडळ म्हणजे दोन माणसं. ऐन पावसाळ्यात, विदर्भात अतिवृष्टी चालू असताना. पालकमंत्री नेमले गेले ते सप्टेंबरच्या शेवटी. मधल्या काळात 1 एप्रिलनंतर जिल्हा नियोजनातून मंजूर झालेल्या कामांना नव्या सरकारने स्थगिती दिली. मुंबईत ती एका ओळीची बातमी होती. आमच्याकडे ती वस्तीवरच्या दीड किलोमीटर रस्त्याची खडी होती, जी टाकून तशीच राहिली. तिथली पोरं दोन पावसाळे चिखलातून शाळेत गेली. त्या गावचे सरपंच मला विचारत होते, "साहेब, शिफारशीचं पत्र आता नेमकं कुणाचं लावू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नगरपालिकांचंही तसंच. निवडणुका रखडल्या त्या मुख्यतः ओबीसी आरक्षणाच्या प्रश्नावर, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण सरकार बदलल्यावर प्रभागांची मोडतोडही पुन्हा झाली. मुंबईत आधीच्या सरकारने 227 चे 236 वॉर्ड केले, नव्याने परत 227. शेवटी मे 2025 मध्ये न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका घ्या असं सांगावं लागलं. तोवर आमच्या गटारीचा मालक प्रशासक.

आता जनमताचं बघा. 2024 च्या लोकसभेत महाविकास आघाडी 30, महायुती 17. सगळे म्हणाले, लोकांनी गद्दारीला धडा शिकवला. सहाच महिन्यांनी विधानसभेत महायुती 230. आता दुसरे म्हणाले, खरा पक्ष कोणता हे लोकांनी सांगितलं. मला दोन्ही दावे अर्धे वाटतात. मधल्या काळात लाडकी बहीण आली, सोयाबीन-कांद्याचा भाव होता, आरक्षणाचा प्रश्न होता. अडीच वर्षांनी विचारलेल्या प्रश्नात मूळ प्रश्न कुठल्या कुठे गेला होता. चिन्हांचा गोंधळ तर विचारू नका. साताऱ्यात लोकसभेला तुतारीशी मिळत्याजुळत्या चिन्हावरच्या अपक्षाला 37 हजारांच्या आसपास मतं पडली, आणि तिथला विजय त्याहून कमी फरकाचा होता.

याचा परिणाम मला गावात दिसतो. लोक आता पक्षाला मत देत नाहीत, 'आपल्या माणसाला' देतात. तो उद्या कुठं जाईल याची त्यांना खात्री नाही आणि फारशी फिकीरही राहिलेली नाही. "कुठं का असंना, काम करतोय ना?" हे मी रोज ऐकतो. पण मग जाहीरनाम्याचा जाब विचारायचा कुणाला?

कुणी पक्ष सोडू नये, असं माझं म्हणणं नाही. मतभेद होतात, पक्षही चुकतात. म्हणणं एवढंच की ज्याच्या नावावर निवडून आलात ते सोडलंत, तर नरेंद्र देवांसारखं आधी आमच्या दारात या. आणि कायदा बदलायचाच असेल तर अध्यक्षांच्या निकालाला तारीख बांधा.

तुमच्या भागात 2022 नंतर कोणतं काम अडकलं होतं, आज त्याचं काय झालं? खाली लिहा. गटातटाची शिवीगाळ नको, कामाचं लिहा. मी त्याची यादी करतोय, आणि पुढच्या वेळी जो कुणी मत मागायला येईल त्याच्यासमोर ती ठेवणार आहे.