माशाचा भाव ओरडून सांगतात, मग औषधाचा का नाही?

मंडळी, आज जरा लांब लिहितोय. पण प्रत्येक घरातला विषय आहे, शेवटपर्यंत वाचा.

आपल्या मालवणच्या किनाऱ्यावर माशांचा लिलाव कसा होतो ते तुम्हाला सांगायला नको. मध्ये टोपली, भोवती माणसं आणि भाव मोठ्याने. कुणी कितीला घेतलं ते सगळ्यांच्या कानावर पडतं. तिथे लबाडी होतच नाही असं नाही, पण लपवायला जागा कमी असते.

औषधाच्या दुकानात नेमकं उलटं. पाकिटावर छापील किंमत असते, पण ती गोळी बनवायला किती लागले, दुकानात ती कितीला आली, तीच गोळी दुसऱ्या कंपनीची कितीला मिळते, यातलं काहीच आपल्याला कळत नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये लक्षात आलं की आईच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या संपतच नाहीयेत. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, घरात पैसा नाही. विचारलं तर म्हणाली, "अर्धीच घेतंय. बंदी उठासर पुरवूक व्हयी." आठवड्याने चक्कर येऊन पडली. थोडक्यात निभावलं. नंतर डॉक्टरांना विचारलं तेव्हा कळलं की तेच औषध मूळ नावाने निम्म्याहून कमी किमतीत मिळतं. तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत गेलो.

सुरुवात जुन्या गोष्टीने करतो. 1975 साली हाथी समितीने केंद्र सरकारला अहवाल दिला. त्यात म्हटलं होतं की आवश्यक औषधं ठरवा, ती देशात बनवा आणि हळूहळू ब्रँडची नावं काढून मूळ नावाने विका. जागतिक आरोग्य संघटनेची आवश्यक औषधांची पहिली यादी 1977 ची, म्हणजे आपण दोन वर्षं पुढे होतो! पुढे सरकारने मोजक्या औषधांची ब्रँड नावं काढायचा प्रयत्न केला, तर कंपन्या कोर्टात गेल्या आणि विषय थंड पडला. किंमत नियंत्रणही ढिलं होत गेलं. 1979 च्या आदेशात 347 औषधं होती, 1995 पर्यंत ती 74 वर आली.

मग 1986. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलने 14 रुग्ण दगावले. औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये विषारी औद्योगिक रसायन होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदी, तपासणी, परवाने अशी सगळी साखळी उघडी पाडली आणि तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. औषध नुसतं स्वस्त असून भागत नाही, ते कुणी घेतलं, कुणी तपासलं हेही दिसलं पाहिजे, हा धडा आपल्याच राज्याने जीव देऊन शिकला.

तो धडा नीट गिरवला तामिळनाडूने. 1994 मध्ये त्यांनी औषध खरेदीसाठी वेगळं महामंडळ काढलं. एकत्र खरेदी, उघड निविदा, प्रत्येक मालाची प्रयोगशाळेत तपासणी, आणि प्रत्येक आरोग्य केंद्राला बँकेसारखं पासबुक. किती औषध आलं, किती उचललं, किती शिल्लक, सगळं लिहिलेलं.

महाराष्ट्रातही चांगलं काम झालंय. 2007 पासून पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवेवर लोकांनीच देखरेख ठेवायचा कार्यक्रम सुरू झाला. गावकरी, पंचायत सदस्य, संस्था आणि आरोग्य कर्मचारी एकत्र बसायचे, केंद्रात औषधं आहेत का ते बघायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचे. त्या पाचांत आपला सिंधुदुर्ग नव्हता.

आणि हृदयातल्या स्टेंटचं तर ताजंच आहे. एका वकिलाने दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. मग औषध किंमत प्राधिकरणाने कंपनी, वितरक आणि रुग्णालय प्रत्येकी किती कमावतात याचे आकडे जाहीर केले. ते बघून लोक हादरले. फेब्रुवारी 2017 मध्ये कमाल किंमत ठरली: साधा स्टेंट 7,260 रुपये, औषधाचा लेप असलेला 29,600. लाखाच्या वर गेलेली वस्तू एका आदेशाने खाली आली. छातीत दुखलं की बांबोळीला धावणाऱ्या आपल्यासारख्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

आता उलटं उदाहरण. 2008 मध्ये जनऔषधी दुकानं सुरू झाली. कल्पना उत्तम. पण चिठ्ठीवर ब्रँड लिहिलेला असेल तर दुकानदाराला कायद्याने परस्पर दुसरं देता येत नाही. मग दुकान असून उपयोग काय? 2023 च्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांना मूळ नावानेच औषध लिहायची सक्ती झाली. डॉक्टरांच्या संघटना म्हणाल्या, आधी दर्जाची खात्री द्या. त्याच महिन्यात नियम स्थगित झाला. मला दोन्ही बाजू पटतात. जे. जे. आठवलं की डॉक्टरांची भीती खोटी वाटत नाही, आणि आईची अर्धी गोळी आठवली की सरकारची घाई समजते. चूक एवढीच की सगळ्यांना एका टेबलावर न बसवता एकालाच दावणीला बांधायला गेले.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. मालवणात रुग्णालयाची रुग्ण कल्याण समिती आहे, खासगी डॉक्टर आहेत, औषध विक्रेते आहेत, मच्छीमार सोसायट्या आहेत, बचत गट आहेत. बंदी सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यात, या सगळ्यांनी एकदा बसावं. ब्लडप्रेशर, साखर, दमा, लेप्टोसाठी लागणारं डॉक्सिसायक्लिन, अशी वीस औषधं निवडावीत. त्यांची मूळ नावं, सरकारी कमाल किंमत, रुग्णालयातला शिल्लक साठा आणि जनऔषधीतला दर मराठीत फळ्यावर लावावा, दर महिन्याला बदलावा. डॉक्टरांनी ब्रँडसोबत मूळ नावही लिहावं. दर्जाची शंका आली तर नमुना अन्न व औषध प्रशासनाकडे जावा. याला कुठला नवा कायदा लागत नाही.

तोवर आपण काय करायचं? 'फार्मा सही दाम' या सरकारी ॲपवर कमाल किंमत बघता येते. डॉक्टरांना न घाबरता विचारा, "हेच औषध स्वस्तात मिळेल का?" पण स्वतःच्या मनाने गोळी बदलू नका आणि अर्धी तर मुळीच करू नका.

आई आता पूर्ण गोळी घेते. पण यंदाच्या जूनमध्ये आपल्या वाड्यांत आणखी किती घरी गोळ्या अर्ध्या होतील, ते आपण मे महिन्यात काय करतो त्यावर आहे. बैठकीला यायला कोण तयार आहे? खाली नाव लिहा. डॉक्टर आणि दुकानदार मित्रांनी तर नक्की लिहा, तुमच्याशिवाय हे जमायचं नाही.