परमिट रूम आणि तावेर्न

येवल्याच्या विंचूर चौफुलीकडे जाताना लहानपणी एका काळ्या काचेच्या दारावर 'परमिट रूम' ही पाटी वाचली आणि वडिलांना विचारले, "परमिट कसले हो?" पैठणीचे पदर विणण्यात हयात गेलेल्या वडिलांनी उत्तर दिले नाही, पावले तेवढी भरभर उचलली. माझे काका पीत असत. ते कुठे बसतात, हे घरात कोणी उच्चारत नसे.

गेल्या पावसाळ्यात पणजीला गेलो होतो. 18 जून रस्त्याच्या गर्दीतून निघून फोंतेन्हासच्या गल्लीत शिरलो, तर एका जुन्या घराच्या ओटीवरच मद्यालय! त्याला तिथे तावेर्न म्हणतात. तीन-चार बाके, फळीवर बाटल्या, गल्ल्यावर मालकीण, दार सताड उघडे. दोन म्हातारे आले, उभ्याउभ्याच पेलाभर काजूफेणी घेतली, मालकिणीशी घरच्या चार गोष्टी बोलले आणि गेले. कोणी कोणाची नजर चुकवली नाही.

हा फरक माणसांच्या स्वभावाचा नव्हे, इतिहासाचा आहे. मुंबई इलाख्यात 1878 च्या अबकारी कायद्याने ताडी-माडीच्या झाडांवर आणि भट्ट्यांवर सरकारचा पंजा बसला. दारू हे महसुलाचे साधन झाले. म्हणूनच दारूच्या दुकानांपुढील निरोधन हा स्वातंत्र्यलढ्याचा भाग ठरला. 1 ऑगस्ट 1939 रोजी काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी आणली. पुढे मोरारजी देसाई गृहमंत्री असताना 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. ज्याला प्यायची त्याने प्रकृतीचे कारण दाखवून परवाना काढावा, अशी सोय ठेवली गेली. बंदी पुढे सैल झाली, पण परवाना राहिला आणि त्याच्या नावाची खोलीही राहिली. पिणाऱ्याला कागदोपत्री रोगी ठरवल्यावर त्याच्या बैठकीला उजेड कोण देणार?

गोवा 19 डिसेंबर 1961 पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. त्यामुळे मुंबईची दारूबंदी तिथे पोहोचलीच नाही. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेल्या काजूची फेणी वाड्यावाड्यांतल्या तावेर्नमध्ये उघडपणे मिळत राहिली. पिणाऱ्यावर शेजाऱ्यांचे लक्ष असे.

म्हणून तावेर्न पवित्र ठरत नाही. दारूने गोव्यातलीही घरे मोडली आहेत, आणि महाराष्ट्रात 'आडवी बाटली'साठी मतदान करणाऱ्या बायांनी जे सोसले ते खरेच आहे. माझी काकू त्यांच्यातलीच एक. पण लपवल्याने तिचे सोसणे कमी झाले नाही. ते फक्त दिसेनासे झाले.

परतल्यावर वडिलांना पणजीची हकीगत सांगितली. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "तुझ्या काकाला आणायला एकदाच त्या खोलीत गेलो होतो. आत इतका अंधार, की सख्खा भाऊ समोर बसलेला, तरी हाक मारावी लागली."