माजघरापर्यंत पोचलेल्या नर्सबाई

सातारा-सांगलीकडच्या वैद्यकीय सेवेचा विषय निघाला की मिरज पहिल्यांदा आठवते. डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे मिशन हॉस्पिटल तिथे १८९४ मध्ये सुरू झाले. वॉन्लेसवाडी या वस्तीमुळे त्यांचे नाव आजही इथल्या लोकांच्या तोंडी आहे. वाईलाही अमेरिकन मराठी मिशनचे रुग्णालय होते. डॉक्टरांविषयी बरेच लिहिले गेले; त्यांच्याबरोबर आलेल्या, खेडोपाडी हिंडलेल्या परदेशी नर्सेसकडे मात्र आपले लक्ष उशिरा गेले. त्यांच्या कामाचा अभ्यास करायचा, तो याच कारणाने.

डॉक्टरांकडे रोगी यायचा; नर्सबाईंना रोग्याच्या घरी जावे लागे. बाळंतिणीची अंधारी खोली, बाजेखालची शेगडी, नाळ कापायला घेतलेला विळा हे सारे बघायला माजघरापर्यंत पोचावेच लागते. विळ्याऐवजी उकळलेले ब्लेड आणि उकळलेला दोरा वापरला की नवजात बाळाचा धनुर्वात टळतो. पण हे सुईणीला पटवायचे कसे? तिच्या हातून निम्मे गाव जन्मलेले, आणि सांगणारी बाई परक्या मुलखातली, अडखळत मराठी बोलणारी! सामाजिक आरोग्याचे खरे काम या ओशाळवाण्या क्षणी सुरू होते, असे मला वाटते.

नर्सबाईंच्या या कामाचे जुने कागद वाचताना एक भान ठेवावे. मिशनच्या पत्रांचा आणि अहवालांचा वाचक सातासमुद्रापलीकडचा देणगीदार होता, त्यामुळे त्यांतले खेडे जरा जास्तच काळोखे दिसते. त्यातली विशेषणे बाजूला सारा, क्रियापदे नीट वाचा: बाई कुठे गेल्या, काय उकळले, कोणी दार लावून घेतले. आणखी एक बारीकशी अडचण. सांगली जिल्हा १९४९ ते १९६० या काळात ‘दक्षिण सातारा’ होता, आणि त्याआधी मिरज, सांगली ही संस्थाने होती. जुन्या कागदांत गाव सापडले नाही, तर हे आठवा.

नर्सबाईंच्या कामाच्या पुढच्या वाटा जामखेडला दिसतात. तिथे डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केले. पुढे २००५ पासून सरकारी योजनेतल्या ‘आशा’ आरोग्यसेविका, म्हणजे आशाताई, आल्या. तरीही या अभ्यासातल्या नवख्याने सुरुवात बाळंतपणाच्या नोंदींपासून करावी, आणि प्रत्येक नोंदीत आधी सुईणीला शोधावे. बहुतेकदा तिचे नाव दिलेले नसते.