पाट्या रंगवणार का गं?

आमच्या ओळखीच्या एका मराठी घरातल्या मुलीने कॉलेजात स्टुडिओ आर्ट आणि आर्ट हिस्टरी असे दोन विषय एकत्र घेतले. बातमी पुण्याला पोचली आणि आजीचा फोन आला. "म्हणजे पाट्या रंगवणार का गं?" मुलगी हसली. आई हसली नाही. आई-बाबा दोघंही इंजिनियर. त्या रविवारी जेवणं झाल्यावर बाबांनी माझ्यापुढे कॉलेजचं अभ्यासक्रमाचं पुस्तक ठेवलं, एखाद्या सर्किटमधला फॉल्ट शोधायला द्यावा तसं. "बघ रे जरा, हे काय शिकवतात चार वर्षं?"

बघितलं. एकीकडे रेखाटन, रंग, शिल्प, ठसे. दुसरीकडे गॉथिक चर्चपासून आधुनिक चित्रकलेपर्यंतचा इतिहास. शिवाय एक विज्ञानाचा विषय आणि एक परकी भाषा. ज्या इमारतीत केमिस्ट्री त्याच्याच शेजारी चित्रांचा स्टुडिओ. आपल्याकडे हे दृश्य दुर्मिळ. मी स्वतः नववीत इंटरमीजिएटला 'ए' ग्रेड मिळवली होती. दहावी आली आणि रंगपेटी माळ्यावर गेली ती गेलीच. त्यामुळे मला प्रश्न पडला तो वेगळाच: ही दोन माणसं, एक हाताने करणारा आणि एक डोळ्याने वाचणारा, इथे कॉलेजात एका छपराखाली आली कशी आणि कधी?

इथल्या लोकांना वाटतं हे असंच होतं पहिल्यापासून. तसं अजिबात नाही.

१८५७ हे साल आपल्याला उठावामुळे पाठ असतं. त्याच वर्षी मुंबईत दोन संस्था सुरू झाल्या, मुंबई विद्यापीठ आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. एका शहरात, एका वर्षी. पण एकमेकींशी संबंध नाही! विद्यापीठाने बी. ए. करायचे, जेजेने जी. डी. आर्ट. जेजे विद्यापीठाला जोडली गेली ती १९८१ साली, म्हणजे १२४ वर्षांनी. (२०२३ साली तिला स्वतःलाच अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.) आपल्या मनात 'शिकलेला' आणि 'चित्रं काढणारा' हे दोन वेगळे मनुष्यप्राणी आहेत, त्याला ही १२४ वर्षंही थोडी जबाबदार असावीत.

अमेरिकेत त्या काळी काही फार वेगळं नव्हतं. येल विद्यापीठात कलेची शाळा १८६९ साली उघडली. अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या आवारातली ही पहिली. ऑगस्टस स्ट्रीट नावाच्या गृहस्थांनी पैसे दिले आणि शाळा मुलींनाही खुली असावी हे ठरवून दिलं. जोसेफीन माइल्स लुईस ही १८९१ साली तिथून ललितकलेची पदवी घेणारी पहिली विद्यार्थिनी. आता गंमत बघा. येलच्या मुख्य कॉलेजात मुलींना प्रवेश मिळाला १९६९ साली. म्हणजे त्याआधी बरोब्बर शंभर वर्षं चित्रांच्या इमारतीत मुली होत्या. चित्रकला ही मुलींनी करायची गोष्ट, अशी समजूत पक्की व्हायला आणखी काय लागतं?

हार्वर्डला उलटं. तिथे १८७४ साली चार्ल्स एलियट नॉर्टन कलेच्या इतिहासाचे पहिले अध्यापक झाले. इंग्लंडच्या रस्किनचे दोस्त. त्यांची व्याख्यानं तुडुंब भरत. पण ती व्याख्यानंच. ब्रश हातात धरायला शिकवणारे चार्ल्स मूर हे त्याआधी, १८७१ पासून, हार्वर्डच्या लॉरेन्स सायंटिफिक स्कूलमध्ये शिकवत होते, म्हणजे इंजिनियरांच्या शाळेत! हे वाचून मला उगाचच बरं वाटलं.

पुढे हार्वर्डच्याच फॉग म्युझियममध्ये एडवर्ड फोर्ब्स नावाचा एक संचालक आला (१९०९ ते १९४४). त्याने इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक वर्ग काढला. जुन्या इटालियन चित्रांबद्दल निबंध लिहायचे असतील तर आधी ती पद्धत हाताने करून बघा. अंड्याच्या बलकात रंग खला, भिंतीला ओला गिलावा द्या, तो वाळायच्या आत चित्र काढा. मुलं त्याला 'अंडं आणि गिलावा' म्हणत. ही चेष्टा नव्हती. फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्यावरचं चित्र, रंग चुन्यात मुरून भिंतीचाच भाग होतो. आपण अजिंठ्याच्या चित्रांनाही सर्रास फ्रेस्को म्हणतो. पण तिथे माती आणि भुशाच्या गिलाव्यावर पातळ पांढरा थर देऊन, तो सुकल्यावर रंगवलेलं आहे. अजिंठ्याचे पोपडे का सुटतात याचं एक उत्तर यातच आहे. हा फरक पुस्तकात एका ओळीचा, पण ज्याने एकदा स्वतः भिंत लिंपली तो जन्मात विसरणार नाही.

तरी हे सगळं इतिहास नीट समजावा म्हणून. चित्र काढणं हा स्वतःच एक विचार आहे, असं ठणकावून सांगणारा माणूस आला जर्मनीहून. १९३३ साली नाझींच्या दडपणाखाली बाउहाउस ही शाळा बंद पडली. तिथले शिक्षक जोसेफ आल्बर्स त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनातल्या डोंगरात नुकत्याच निघालेल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात आले. इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. हे कॉलेज म्हणजे अजब प्रकार. मुलं शेतावर राबायची आणि चित्रकला हा अभ्यासक्रमाच्या मधोमध, सगळ्यांसाठी. सल्लागारांमध्ये जॉन ड्युई होते, म्हणजे कोलंबियात डॉ. आंबेडकरांना शिकवणारे तेच ड्युई. करून शिकणं हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह.

आल्बर्सच्या रंगाच्या वर्गात रंग नसायचे. रंगीत कागद, कात्री आणि गोंद. कारण कागदाचा रंग उद्याही तोच असतो, घोटून केलेला पुन्हा तस्साच येत नाही. (प्रयोग पुन्हा करता आला पाहिजे, हे आम्हा लोकांना वेगळं सांगायला नको.) पहिला गृहपाठ असा: एकाच कागदाचे दोन तुकडे घ्या आणि ते दोन वेगळ्या रंगांचे दिसतील असं करून दाखवा. मी घरी करून बघितला. करड्या कागदाचे दोन तुकडे, एक पिवळ्यावर चिकटवला, एक जांभळ्यावर. बायकोला विचारलं, कुठला गडद? तिने क्षणात बोट दाखवलं. मधला कागद कापून दोन्ही जोडून दाखवले तरी तिचा विश्वास बसेना, आणि खरं सांगायचं तर माझाही. डोळा मोजत नाही, तुलना करतो. हे मला फिजिक्सच्या कुठल्याही तासाला इतकं लख्ख कळलं नव्हतं.

त्या वर्गात १९४६ साली रुथ असावा नावाची मुलगी आली. जपानी आईबापांची, जन्म कॅलिफोर्नियातला, युद्धात कुटुंब छावणीत डांबलेलं. शिक्षिका व्हायला मिलवॉकीला शिकत होती, पण जपानी म्हणून तिला शाळेत सराव-पाठ घ्यायला कोणी उभं करेना, आणि त्याशिवाय पदवी नाही. तीन वर्षं फुकट. ब्लॅक माउंटनने विचारलं नाही. तारेच्या विणकामाची तिची शिल्पं २०२० साली अमेरिकन टपाल तिकिटांवर आली, आणि सॅन फ्रान्सिस्कोत सार्वजनिक शाळांमधून कला शिकवली जावी म्हणून ती जन्मभर भांडली.

कॉलेज १९५७ साली पैशाअभावी बंद पडलं. पण आल्बर्स १९५० सालीच येलला गेले होते. हार्वर्डही हललं. १९५६ साली तिथल्या एका समितीने सांगितलं की नुसती व्याख्यानं पुरत नाहीत, विद्यार्थ्यांनी हाताने केलं पाहिजे. त्यातून १९६३ साली कार्पेंटर सेंटर उभं राहिलं, चंडीगडवाल्या ल कोर्बुझिए यांचं. उत्तर अमेरिकेतली त्यांची ही एकच इमारत. काँक्रीटचा एक उतार इमारतीच्या पोटातून आरपार जातो, त्यावरून कोणीही चालावं आणि काचेतून आत काम करणारी मुलं बघावीत. नॉर्टनच्या व्याख्यानांपासून इथवर यायला जवळजवळ नव्वद वर्षं लागली!

आणि आता घरची गोष्ट. हे एकत्र घर आपल्याकडे बडोद्यात हार्वर्डच्या आधी झालं. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ चं, त्यात १९५० साली ललितकलांची विद्याशाखा निघाली. चित्रकला, शिल्प आणि सोबत कलेचा इतिहास. पहिले डीन मार्कंड भट्ट हे पेनसिल्व्हेनियातल्या बार्न्स फाउंडेशनमध्ये शिकून आलेले. (बार्न्स मूळचे औषधवाले, ड्युईंचे स्नेही. ते सेझानच्या चित्राशेजारी लोखंडी बिजागऱ्या आणि कुलपं टांगत.) चित्रकलेचे प्रमुख झाले आपले इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे. तेही १९४७-४८ मध्ये अमेरिका फिरून आले होते. बेंद्रे १९६६ पर्यंत तिथे होते आणि त्यांच्या हाताखालून चित्रकारांची एक अख्खी पिढी गेली. जेजे मुंबईत अजून डिप्लोमाच देत होती तेव्हा गायकवाडांच्या गावी चित्रकार पदवीधर होत होते.

हे सगळं मी मुलीच्या बाबांना सांगितलं. त्यांचा प्रश्न साहजिकच होता: "ते ठीक, पण इतिहासवाल्याला हाताचं घेऊन करायचंय काय?"

त्यांना मी वॉल्टर स्पिंक यांच्याबद्दल सांगितलं. मिशिगन विद्यापीठात १९६१ ते २००० कलेचा इतिहास शिकवला, २०१९ साली वारले, आणि मधलं आयुष्य अजिंठ्याला दिलं. त्यांचं म्हणणं असं की, अजिंठ्याच्या दुसऱ्या टप्प्यातली लेणी शतकानुशतकं नव्हे, तर वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, साधारण इ. स. ४६२ ते ४८० एवढ्यात कोरली गेली. सगळे विद्वान हे मानत नाहीत. पण पुरावा कुठून आणला बघा. चित्रांइतकाच खोल्यांच्या दारांमधून. लाकडी दार फिरवण्यासाठी दगडात कोरलेल्या खाचा आणि कान कसकसे बदलत गेले, कुठे पाथरवट अडला, कुठे काम अर्धवट सोडून निघून गेला, याचा त्यांनी वर्षानुवर्षं क्रम लावला. सुताराची नजर असल्याशिवाय हे सुचत नाही.

पुढच्या वेळी अजिंठ्याला गेलात तर पद्मपाणी बघून झाल्यावर कडेच्या एखाद्या खोलीच्या दारापाशी जरा थांबा. टॉर्च घेऊन चौकटीचा कोपरा बघा. खाच दिसेल.