चपला बाहेर, धूळ आत

नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर शिकलेल्या मामाला किंवा मावशीला विचारून बघा. लॅबमध्ये शिरताना चपला बाहेर काढाव्या लागायच्या. आत एसी, मशीनवर प्लास्टिकचं कव्हर. देवघरच जणू!

ही शिस्त मोठ्या संगणकांच्या काळातली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली सुरू झालेला टिफ्रॅक व्हॅक्यूम ट्यूबवर चालायचा, तिथे मुख्य काळजी उष्णतेची. मग डिस्क आल्या. माहिती वाचणारं हेड फिरत्या तबकडीच्या वर एक-दोन मायक्रॉनवर तरंगायचं. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. मध्ये धुळीचा कण आला की हेड तबकडीवर आपटायचं आणि डेटा जायचा. तेव्हा चपलांचा नियम रास्त होता.

1973 साली आयबीएमने 'विंचेस्टर' डिस्क आणली, हेड आणि तबकडी एकाच बंद डब्यात. योगायोग असा की त्याच वर्षी चंद्रपूरकडच्या कोळसा खाणी सरकारच्या ताब्यात आल्या. डिस्कची चिंता मिटली, पण चपला बाहेरच राहिल्या. आणि खरी गरज दुसरीकडेच निर्माण झाली: 486 आणि पेंटियमच्या काळात प्रोसेसरवर पंखा बसला. पंखा हवा ओढतो, हवेबरोबर धूळ. हीटसिंकच्या पात्यांमध्ये तिचा नमदा जमतो, उष्णता अडते, प्रोसेसर आधी मंदावतो, मग मशीन बंद पडतं. चपला काढणाऱ्यांपैकी किती जणांनी कधी कॅबिनेट उघडलं असेल?

माजरीत तर धूळ चपलेला चिकटून येतच नाही, वाऱ्यावर येते. खुल्या खाणी, टिपर, जंक्शनवरच्या कोळशाच्या वाघिणी, वर मे महिन्यातला पंचेचाळीस अंशांचा पारा. इथे दिवाळीच्या साफसफाईची वाट बघून चालत नाही, दर दोन-तीन महिन्यांनी ब्लोअर हाती घ्यावा लागतो. आधी प्लग काढा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेच्या झोताने तो गरगर फिरतो आणि बेअरिंग खराब होतं.

आणि हे काम अंगणातच करा. पाच मायक्रॉनहून बारीक कोळशाची धूळ फुप्फुसात खोलवर जाऊन बसते. खाण कामगारांना होणारा न्यूमोकोनिओसिस तिचाच, आणि तिथे ब्रश पोहोचत नाही. नाकाला रुमाल बांधा, वाऱ्याकडे पाठ करा, मगच ब्लोअर सुरू करा.